बिळं मोजली, बांध पाहिला नाही

परभणी जिल्ह्यात बीव्हर नाही, भारतात कुठेच नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतला तो वीस-पंचवीस किलो वजनाचा, चपट्या शेपटीचा कुरतडणारा प्राणी. दातांनी झाड पाडतो, ओढ्यावर काटक्या-चिखलाचं धरण घालतो, आणि साठलेलं पाणी शेतात शिरलं की तिथला शेतकरी बंदूक उचलतो. माझी उमेदीची वर्षं गेली ती त्याच्या छोट्या भावकीत: घूस, मऊ केसांचा शेतउंदीर, जर्बिल. पाथरी-मानवत भागातल्या कालव्याच्या कडेने, हातात वही घेऊन. पुढे बीव्हर आणि माणूस एकत्र कसे राहतील यावरचं संशोधन वाचत गेलो, तेव्हा माझं काम कुठे कुठे चुकलं होतं ते एकेक करून समोर आलं. त्या चुकांनी काही लोकांचं खरंच नुकसान झालं. ते लोक हे वाचतील न वाचतील, पण हे लिहिणं माझ्याकडून इतकी वर्षं राहून गेलं आहे.

हा सगळा भाग जायकवाडीच्या लाभक्षेत्रातला. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं, आणि २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालना जिल्हा ओलांडून परभणीत आला. पाण्यामागून ऊस आला, गहू आला, उन्हाळी भुईमूग आला. त्याआधी रब्बी निघाली की रान पावसापर्यंत उघडं पडायचं. खायला नसायचं, तेव्हा उंदरांची संख्या आपोआप उतरायची. बारा महिने ओल आणि बारा महिने पीक मिळाल्यावर तो उतार बराच कमी झाला. घुशीला ओली, भुसभुशीत माती लागते. कालवा, चारी, पोटचारी आणि उसाचा फड यांनी तिची ती सोय केली. कोरड्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात, त्यांत मऊ केसांचा शेतउंदीर राहतो. त्याला फारसं खणावंही लागत नाही. हे मला पाठ होतं. जोधपूरच्या काझरी या शुष्क-प्रदेश संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय उंदरांवर जे काम उभं केलं, ते मी आदराने वाचलेलं होतं. रानात उतरल्यावर मात्र त्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात महत्त्वाचं तेवढं मी सोडून दिलं.

उंदरांची मोजणी करायची रीत जुनी आहे. संध्याकाळी शेतातली सगळी बिळं मातीने बुजवायची आणि सकाळी किती उघडली ते मोजायचं. उघडलेलं बीळ जितं, बुजलेलं तसंच राहिलं तर ते रिकामं. एका शेताला दोन फेऱ्या लागतात आणि मुक्काम करावा लागतो. मला जास्तीत जास्त गावं व्हायला हवी होती. जितकी गावं जास्त तितका अहवाल वजनदार, असं माझं गणित. म्हणून मी दिसेल ते भोक मोजत सुटलो. रुंद, कित्येक वर्षांत न हललेल्या बांधावर जुनी बिळं ढिगाने असतात. तिथे माझे आकडे फुगले. नुकतं पाणी दिलेल्या भुईमुगात बिळांची तोंडं चिखलाने लिंपून जातात. तिथे आकडे पडले. अर्थ उलटा निघाला. ज्या बांधावर काही राहत नव्हतं तिथे मी औषध टाकायला सांगितलं, आणि ज्या भुईमुगाखाली घुशी शेंगांची कोठारं भरत होत्या तो शेतकरी निर्धास्त राहिला.

एक मावशी मला हे तेव्हाच सांगत होत्या. भूमिहीन बाई. भुईमूग निघाला की सरवा वेचायला यायच्या आणि त्यासोबत घुशीची बिळं खणून आतल्या शेंगा काढायच्या. कोणत्या बिळात कोठार असेल हे त्या तोंडावरच्या मातीवरून ओळखायच्या: माती ओली, ताजी, बारीक ढेकळांची असली तर आत वस्ती, तोंडावर कोळ्याचं जाळं असलं तर वर्षभरात तिथे कोणी आलेलं नाही. माझी वही पाहून त्या म्हणाल्या, "दादा, तुमी बिळं मोजायलाव. आत कोनी ऱ्हातंय का न्हाई, ते कुठं बघायलाव?" मी हसून पुढे गेलो. माझ्या प्रश्नावलीत शेतमालकाचं नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र असे रकाने होते. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांच्यासाठी रकाना नव्हता, आणि तो मीच आखलेला नव्हता. जिल्ह्यात बिळांबद्दल सगळ्यात जास्त ज्यांना कळत होतं त्या बायांना मी एकही प्रश्न विचारला नाही.

विषाच्या बाबतीत मी यापेक्षा वाईट वागलो, आणि ते सविस्तर सांगायला हवं.

झिंक फॉस्फाईड ही काळपट भुकटी. उंदराच्या जठरातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की फॉस्फीन वायू सुटतो आणि काही तासांत तो मरतो. पण उंदीर नव्या खाण्यावर एकदम तुटून पडत नाही. आधी चाखतो, थांबतो, पोटाला काय होतं ते पाहतो. थोडं खाऊन आजारी पडलेला आणि जगलेला उंदीर त्या आमिषाला पुढे आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी धान्य तेल लावून ठेवायचं, त्याची सवय लावायची, मग विषाचं आमिष. हे दोन-तीन दिवस मी गाळले. कालव्याच्या पाण्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सुटायची पाळी, तोंडावर आलं होतं, शेतकरी घाई करत होते, आणि मलाही निकाल लवकर दाखवायचा होता. पहिल्या सकाळी बांधावर मेलेल्या उंदरांची रांग लागली. लोक खूश झाले, मी फोटो काढले. त्यानंतर आमिष जसंच्या तसं पडून राहू लागलं. उरलेले शहाणे झाले होते. शेजारच्या उसात कोणीच औषध टाकलेलं नव्हतं, तिथून नवे आले आणि रिकाम्या बिळांत राहू लागले. घुशीची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, पिल्लं सहा-सात, कधी त्याहून जास्त. हंगाम संपायच्या आत शेत पुन्हा पोखरलं गेलं.

तेव्हा मी एका शेतकऱ्याला चारचौघांत म्हणालो की तुम्ही आमिष नीट मळलं नाही, म्हणून उंदीर खात नाहीत. तो वयाने माझ्या वडिलांएवढा. काही बोलला नाही, मान खाली घालून आखाड्याकडे गेला. त्याचं मळणं बरोबर होतं. चूक माझी होती आणि ती मला त्या क्षणी माहीत होती.

काही वर्षांनी लार्स विल्सन यांच्याबद्दल वाचलं. हे स्वीडनचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ. त्यांनी बीव्हर पाळून, जवळून पाहिले. धरण कधीच न पाहिलेली, आईबापांपासून दूर वाढलेली पिल्लंही धरण बांधतात असं त्यांना आढळलं. मग प्रश्न आला, बांधायला कशाने लागतात? वाहत्या पाण्याच्या आवाजाने. ध्वनिक्षेपकातून तो आवाज नुसता ऐकवला तर बीव्हर कोरड्या जागीसुद्धा त्या ध्वनिक्षेपकावर काटक्या रचत बसतात. मला त्या रात्री झोप आली नाही. एक माणूस प्राण्याला विचारत होता, तुला इथे काय ऐकू येतं, तू कशाला उत्तर देतोस? मी एवढी वर्षं फक्त किती आहेत आणि किती मेले एवढंच विचारत आलो होतो. शेताच्या कोणत्या गोष्टीला घूस उत्तर देते, हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता.

आणि त्या ज्ञानातून उपाय निघाला. अमेरिकेच्या मेन राज्यात पेनॉबस्कॉट या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर काम करताना स्किप लाइल यांनी रस्त्याखालच्या मोऱ्या बीव्हरने बुजवू नयेत म्हणून खास आकाराची कुंपणं बसवली. तळ्यातलं पाणी हवं तेवढंच उतरावं म्हणून पाईप टाकतात, त्याचं तोंड धरणापासून लांब, पाण्याखाली, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. पाणी नेमकं कुठून जातं हे बीव्हरला ऐकूही येत नाही आणि जाणवतही नाही. धरण राहतं, बीव्हर राहतो, रस्ता बुडत नाही. मारलेल्या बीव्हरच्या जागी दुसरा येतो, कारण तळं, झाडं, आवाज सगळं तिथेच असतं. माझ्या रिकाम्या बिळांत उसातले उंदीर आले होते ते याच कारणाने.

झिंक फॉस्फाईड फसल्यावर मी ब्रोमॅडिओलोनकडे वळलो. हे रक्त गोठू देत नाही, मरण काही दिवसांनी येतं, त्यामुळे उंदराला आमिषाचा संशय येत नाही. औषध म्हणून ते कामाचं आहे, आजही आहे. मी ते हात सैल सोडून वापरायला लावलं. विष खाल्लेला उंदीर मरेपर्यंत हिंडत असतो, सुस्त होतो, उघड्यावर येतो आणि घुबडाला आयता सापडतो. गावातल्या पडक्या वाड्यात गव्हाणी घुबडाची जोडी होती. त्या हंगामात त्यातलं एक वाड्याच्या ओट्यावर मेलेलं सापडलं. विषानेच मेलं असं मी ठामपणे सांगू शकत नाही, कारण ते तपासायला पाठवायचं मी टाळलं. उत्तर काय येईल याची मला धास्ती होती. गावात कोणी हळहळलं नाही. घुबड घरावर बसणं अशुभ मानणारी माणसं, त्यांना सुटल्यासारखं झालं. हळहळायला हवं होतं मी. इस्रायलमध्ये १९८३ पासून शेतात घुबडांसाठी पेट्या बसवून उंदीर आटोक्यात ठेवायचं काम चाललं होतं, मलेशियातल्या तेलताडाच्या मळ्यांतही तेच. मी हे वाचलं होतं आणि माझ्याच गावातली, फुकटात राखण करणारी जोडी मोडली असेल, या शक्यतेकडे पाठ फिरवली.

आता जी चूक सांगतो ती मला सगळ्यात जास्त बोचते.

एका चारीचा काठ आवर्तनाच्या पहिल्याच दिवशी फुटला. पाणी वरच्या शेतांत पसरलं, टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांपर्यंत पोचलंच नाही. टेलचे शेतकरी नेहमीच शेवटचे. त्यांचा गहू ओंबीवर होता. मी त्या भागात काम करत होतो म्हणून मला एक टिपण लिहून द्यायला सांगितलं गेलं. मी गेलो, फुटलेल्या जागी घुशीची बिळं दिसली, आणि लिहिलं: काठ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांमुळे फुटला. एवढंच. चारीची दुरुस्ती किती वर्षांत झालेली नाही हे पाहिलं नाही. तळात गाळ साचून पाणी काठावरून वाहत होतं का, हे विचारलं नाही. काठावरून ट्रॅक्टर जात होते, त्याच्या चाकोऱ्या मी ओलांडून आलो होतो.

काळ्या मातीचा काठ कसा फुटतो हे मला नंतर नीट कळलं. दोन आवर्तनांच्या मध्ये चारी वाळते, माती आकसते, भेगा पडतात. त्या भेगांत खेकडे शिरतात, घुशी शिरतात आणि वाट रुंद करतात. पाणी सुटलं की पहिल्या लोंढ्यात ते भेगेतून आरपार जातं, सोबत माती नेतं, आणि काही तासांत खिंडार पडतं. काठ रुंद, दाबून घट्ट केलेला, नीट उताराचा असेल तर घुशीचं बीळ पलीकडे निघत नाही. म्हणजे घूस कारणांपैकी एक आणि बहुतेक वेळा शेवटची. माझ्या टिपणात ती एकटी गुन्हेगार झाली. दुरुस्तीची मागणी घेऊन शेतकरी जिथे गेले तिथे त्यांना माझं टिपण दाखवण्यात आलं: उंदरांचा बंदोबस्त शेतकऱ्यांनीच करायचा असतो. दुरुस्ती रखडली. टेलचा गहू त्या वर्षी वाळला.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी गळतीचं खापर खेकड्यांवर फोडलं आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. मीही संतापलो. मग लक्षात आलं, हेच वाक्य मी खूप आधी लिहिलं होतं, फक्त खेकड्याच्या जागी घूस होती आणि माणसं मेली नव्हती, एवढाच फरक.

काठ पोखरण्याचा हा तंटा बीव्हरच्या प्रदेशातही आहे, आणि तिथली गोष्ट गोड नाही. शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-आशियात मिळून जेमतेम बाराशे बीव्हर उरले होते. संरक्षणाने आणि पुन्हा सोडल्याने आता ते दहा लाखांहून जास्त आहेत. स्कॉटलंडमध्ये ते जवळजवळ चारशे वर्षं नव्हते. २००९ साली नापडेलच्या जंगलात नॉर्वेहून आणलेले बीव्हर प्रयोग म्हणून सोडले, काटेकोर निरीक्षण केलं. पण टे नदीच्या खोऱ्यात ते परवानगीशिवाय आधीच पसरले होते, आणि तिथे सपाट, सुपीक, नदीकाठी भराव घातलेली शेतं. बीव्हर भरावात बीळ खणतो, पूर आला की तिथूनच भराव जातो. १ मे २०१९ रोजी तिथे बीव्हरला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि त्याच वर्षात रीतसर परवाने घेऊन ८७ बीव्हर मारले गेले. हे वाचून मला त्या शेतकऱ्यांचा राग आला नाही. टेलचा माणूस डोळ्यांपुढे आला. प्राण्याचं प्रेम ज्याचं शेत बुडत नाही त्याला सोपं असतं. जर्मनीतल्या बव्हेरियात बीव्हर १९६६ पासून पुन्हा आले; तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक बीव्हर-सल्लागार म्हणून शेतकऱ्याच्या बांधावर जातात, नुकसान बघतात, झाडाला जाळी लावायची की पाईप टाकायचा ते तिथेच ठरवतात. तक्रार झाली की माणूस येतो, एवढ्यानेच बरंच काही बदलतं, असं मला वाटतं. आमच्याकडे मी तो माणूस होऊ शकलो असतो. मी टिपण लिहून निघून आलो.

पुढे मी कामाची पद्धत बदलली. औषध फेकून दिलं नाही. त्याची वेळ बदलली. उंदरांची संख्या सगळ्यात कमी असते ती मे-जूनमध्ये, बरंचसं रान उघडं असताना. तेव्हा एका शेताने करून भागत नाही, शिवार एकत्र आलं पाहिजे, उसाच्या फडासकट. संध्याकाळी बिळं बुजवायची आणि सकाळी फक्त उघडलेल्या बिळांतच आमिष. त्याने औषध पूर्वीपेक्षा कितीतरी कमी लागतं. कडब्याची गंजी आणि सोयाबीनची सुडी बांधाला टेकून न लावणं, शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे उभे करणं, आवर्तनाआधी चारीचा काठ चालून भेगा बुजवून धुमसाने दाबणं. पाटकऱ्यासोबत मी स्वतः काठ चाललो. ज्यांना मी मळण्यावरून बोललो होतो त्यांच्याकडे गेलो, पण तोवर ते वारले होते. त्यांच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बापूनं घरी कधी काढलंच न्हाई हे." मला ते ऐकून हलकं वाटलं नाही.

यातली एक शिफारस मात्र अशी निघाली की तिच्याबद्दल मी अजून अस्वस्थ आहे. रुंद, गवताळ बांध म्हणजे उंदरांना आसरा, म्हणून बांध अरुंद ठेवा, असं सगळी पुस्तकं सांगतात. मीही सभांतून सांगितलं. लोकांनी हे मात्र लगेच ऐकलं, कारण त्यात दोन तासं जास्त मिळतात. ट्रॅक्टर लागले, बांध कोरले गेले, बोरी-हिवराची झुडपं गेली. उंदीर काही ठिकाणी खरंच कमी झाले. त्यासोबत तित्तिर गेले, ससे गेले, मुंगूस दिसेनासं झालं, आणि मुंगूसही उंदीर खातं हे मी सभांत सांगायचं विसरलो होतो.

मावशी आता थकल्या आहेत, पण दोन शेळ्या आहेत. भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बांध तर कोरून टाकले समद्यांनी. माझ्या शेळ्याला गवत कुठून आनू, ते बी सांगा की." यावेळी मी पुढे गेलो नाही, त्यांच्याजवळ खाली बसलो आणि वही काढली. कोणत्या बांधावर कधी गवत असायचं, त्या ते कधी कापायच्या, कापल्यावर बिळं दिसायची का, हे विचारलं. त्यांचं म्हणणं असं की पीक दाण्यावर यायच्या आधी बांधाचं गवत कापून नेलं तर घुशीला आडोसाच राहत नाही, बांध कोरायची गरज पडत नाही. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं आणि पटण्यासारखं होतं. आता काही शेतकऱ्यांनी उरलेले बांध तसेच ठेवून गवत कापायची मुभा द्यायचं कबूल केलं आहे. बाकीचे म्हणतात, गवताबरोबर आमचं पीकही जाईल. येत्या हंगामात दोन्ही तऱ्हेच्या बांधांवर बिळं बुजवून मोजायची ठरली आहेत. सकाळी कोणतं बीळ जितं आणि कोणतं रिकामं, हे त्या सांगणार आणि मी लिहून घेणार.